रंगवलेलं जस्त

माझ्या होस्टेलच्या खोलीत टेबलावर एक वस्तू आहे. वीतभर लांबीची, राखाडी, खड्डे पडलेली, कडा खाऊन गेलेली आणि मधून एक लोखंडी पट्टी बाहेर आलेली. खोलीत येणारा प्रत्येक जण ती एकदा तरी उचलतो आणि विचारतो, "काय रे हे भंगार?" रूम पार्टनरने तर एकदा ती रद्दीवाल्याकडे न्यायची पूर्ण तयारी केली होती. सबमिशनच्या दिवसांत पंख्याच्या वाऱ्याने जर्नलची पानं उडू नयेत म्हणून मी तिचा उपयोग करतो, हे खरं. पण ती मी गोव्याहून बॅगेत घालून, एसटीत मांडीवर घेऊन आणली ती काही पेपरवेट म्हणून नव्हे.

तर मित्रहो, ही त्या भंगाराची गोष्ट. आणि खरं सांगायचं तर माझ्या एका चुकीची.

मी मूळचा वेंगुर्ल्याकडचा. माझे काका गेली सत्तावीस वर्षं गोव्यात झुआरी नदीच्या काठी एका छोट्या यार्डात फिटर आहेत. बार्ज, फेरीबोटी, टग अशा लोखंडी बोटी तिथे दुरुस्तीला येतात. सेकंड इयरच्या मे महिन्यात वर्गातली निम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या सॉफ्टवेअरचा कोर्स करत होती. माझ्याकडे फी भरायला पैसे नव्हते, म्हणून मी काकांकडे गेलो. काका म्हणाले, "ये. जेवण आसा, झोपाक जागा आसा, आणि काम तर काय संपता काय!"

जाताना मी मनातून बराच निर्धास्त होतो. कारण फर्स्ट इयरला केमिस्ट्रीच्या पेपरात 'कॅथोडिक प्रोटेक्शन म्हणजे काय, आकृतीसह स्पष्ट करा' हा सहा मार्कांचा प्रश्न आला होता आणि त्यात मला सहापैकी सहा मिळाले होते. गंज हा विषय आपल्याला येतो, अशी माझी समजूत होती.

पहिल्याच संध्याकाळी काकांनी काठाला उभं असलेलं एक जुनं बार्ज दाखवलं. गोव्याच्या नद्यांमधून वर्षानुवर्षं अशी बार्ज खाणीतली लोखंडाची माती घेऊन मुरगाव बंदराकडे जायची. 2012 साली खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि 2018 साली पुन्हा थांबल्या. कित्येक बार्ज त्या काळात काठालाच लागून राहिली. हे त्यातलंच एक. हात लावला तर पापुद्रे हातात येत होते. काका म्हणाले, "ह्येच्या पोटात काय भरत होते? गंज. आणि ह्यां कसला? लोखंडाचा. सांभाळलंय नाय तर बार्जाचो पण मालच होता."

मी हसलो, पण रात्री झोपताना ते वाक्य डोक्यात फिरत राहिलं. खनिज म्हणजे लोखंड आणि ऑक्सिजन यांचं संयुग. भट्टीत कोक आणि उष्णता घालून आपण त्यातला ऑक्सिजन काढून घेतो आणि लोखंड मिळवतो. गंज म्हणजे त्याच लोखंडाने परत घरी जाणं. सगळी थर्मोडायनामिक्स पाठ करूनही ही गोष्ट मला कधी अशी दिसली नव्हती. लोखंड मुळात परतीच्या वाटेवरच असतं, आपण फक्त त्याला उशीर करायचा!

त्या महिन्यात आमच्या स्लिपवेवर एक छोटं बार्ज आलं. बंदरात नांगरलेल्या जहाजांना गोडं पाणी पोचवणारं. मालक साधा माणूस, त्याचं हे एकच बार्ज, तेही जुनं घेतलेलं आणि त्याच्यावर कर्ज. विंचने ते वर ओढलं तेव्हा तळ दिसतच नव्हता, नुसते शंख-शिंपले आणि शेवाळ. मग सुरू झालं खरं काम. आधी ते सगळं खरवडायचं. मग गोड्या पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायचं, कारण पृष्ठभागावर मीठ राहिलं आणि त्यावर रंग दिला तर रंगाखाली पाणी ओढलं जाऊन फोड येतात. हे माझ्यासाठी नवीन होतं. मला वाटायचं, गंज घासला की झालं. काका म्हणाले, मीठ डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जास्त धुवायचं.

मग चिपिंग हॅमर. दिवसभर टण टण टण. काका प्लेटवर हातोडी मारून कानाने सांगायचे, "हय चांगली आसा, हय पातळ." त्यांनी खूण केलेल्या जागी मी अल्ट्रासॉनिक गेज लावायचो. मूळ प्लेट 6 मिलिमीटरची. बहुतेक जागी साडेपाच भरायची, आणि काकांची खूण असेल तिथे चार, साडेतीन. एकदाही त्यांचा कान चुकला नाही. मागच्या बाजूला, पंख्याच्या वर डावीकडे, एका जुन्या खड्ड्यापाशी जेमतेम तीन आला. ती जागा वहीत लिहून ठेवली. काकांना तिथली प्लेट बदलायची होती, पण मालकाचं बजेट संपलं होतं. "पुढच्या वर्षी करू," असं ठरलं. रंग आणि नवे ॲनोड नीट असतील तर वर्ष निघेल, असा काकांचा हिशोब होता. तो हिशोब बरोबर होता.

आता ॲनोडबद्दल. लोखंडी बोटीचा पंखा असतो ब्राँझचा. समुद्राच्या पाण्यात लोखंड आणि ब्राँझ, आणि दोघं शाफ्टमधून एकमेकांना जोडलेले, म्हणजे बोटीच्या मागे एक सेलच तयार होतो. त्यात झिजणारा कोण? लोखंड. म्हणून लोखंडापेक्षाही लवकर झिजणारा धातू, बहुतेक वेळा जस्त, तळाला वेल्डिंग करून बसवतात. त्याने स्वतः झिजायचं आणि लोखंडाला वाचवायचं. इंग्रजीत त्याला 'सॅक्रिफिशियल ॲनोड' म्हणतात. त्याग, बलिदान वगैरे शब्द परीक्षेत लिहायला छान वाटतात.

आमच्या बार्जचे जुने ॲनोड अगदी कुरतडल्यासारखे झाले होते. ते काढून भंगाराच्या ढिगात टाकायचं काम माझं. मी टाकताना म्हणालो, "किती खराब झालेत!" काका काहीतरी पुटपुटले, माझं लक्ष नव्हतं. नवीन आठ ॲनोड बसवले. गुळगुळीत, राखाडी, पाच-पाच किलोचे. पेंटरमामांनी त्यांच्यावर कागद आणि चिकटपट्टी लावून ठेवली. पेंटरमामा म्हणजे साठी ओलांडलेले रंगारी. कमी बोलणारे. वेल्डिंगच्या शिवणी आणि प्लेटच्या कडा ते आधी ब्रशने रंगवायचे आणि मगच बाकीचं, कारण फवाऱ्याचा रंग कडेवर पातळ बसतो. सकाळी दव असेपर्यंत ते डब्याचं झाकणसुद्धा उघडायचे नाहीत. पुस्तकात लिहिलेलं असतं की हवेतली आर्द्रता 85 टक्क्यांच्या खाली हवी आणि प्लेटचं तापमान दवबिंदूपेक्षा किमान 3 अंश वर हवं. मामा प्लेटवर ओलं फडकं फिरवून तो डाग किती वेळात वाळतो ते बघायचे आणि ठरवायचे.

शेवटच्या दिवशी घोटाळा झाला. दुसऱ्या दिवशी अमावास्येचं उधाण होतं. ती भरती चुकली तर बार्ज खाली सोडायला पुढच्या उधाणापर्यंत थांबावं लागलं असतं आणि मालकाचे तितके दिवस बुडले असते. पेंटरमामांना दुपारी ताप भरला, ते घरी गेले. काका शाफ्टच्या ग्लँडमध्ये अडकलेले. मागच्या भागाचा शेवटचा हात राहिला होता. काका म्हणाले, "तू मार, मामानी कसा केला ता बघून." मला काय आनंद झाला! रात्री हॅलोजनच्या उजेडात मी ब्रश घेऊन खाली शिरलो. वाऱ्याने आणि आमच्या ये-जा करण्याने मागच्या चारही ॲनोडवरचे कागद फाटून गेले होते. मला दिसल्या चार राखाडी पट्ट्या. प्रायमरचा रंगही राखाडीच. मला वाटलं, या जागा मामांच्या हातून राहिल्या. म्हणून मी त्या रंगवल्या. एक नाही, दोन हात. अगदी कोपऱ्यांसकट.

तुम्ही म्हणाल, सहापैकी सहा मार्क मिळवणाऱ्याला ॲनोड ओळखता आला नाही? नाही आला. पुस्तकातला ॲनोड चौकोनी असतो, जमिनीत पुरलेला असतो, त्याला वायर जोडलेली असते आणि बाजूला बाण काढून नाव लिहिलेलं असतं. बार्जखाली कोणी नाव लिहून ठेवत नाही.

पहाटे भरतीला बार्ज पाण्यात उतरलं. नारळ फोडला, पेढे वाटले. मी सर्टिफिकेट घेऊन परत आलो आणि वर्षभर मित्रांना 'यार्डातला अनुभव' सांगत राहिलो.

पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये काकांचा फोन आला. सहज म्हणून बोलता बोलता म्हणाले, पाण्याचं ते बार्ज लवकर वर घ्यावं लागतंय, मागून पाणी आलं. रात्री तीनला एका खलाशाचे पाय ओले झाले म्हणून कळलं. चार माणसं आत झोपली होती. पंप रात्रभर चालवला, भोकात लाकडी पाचर ठोकली आणि सकाळी भोवती पेटी करून त्यात सिमेंट ओतलं, तेव्हा पाणी थांबलं. "माणसां बरी आसत," काका म्हणाले. मग म्हणाले, मालक पेंटरवर भडकलाय. रंग नीट लावला नाही म्हणतो. यार्डाने मामांची दहा दिवसांची मजुरी अडकवून ठेवलीय.

परीक्षा संपताच मी गेलो. माझ्या मनात तेव्हाही काही नव्हतं, खरंच. बार्ज स्लिपवेवर उभं होतं. मी वाकून मागे गेलो आणि तिथेच बसलो. चार ॲनोड जसेच्या तसे. भरीव, कोपरे शाबूत, आणि त्यांच्यावर माझा लाल रंग. दोन हात. ब्रशच्या रेघासुद्धा ओळखू येत होत्या. पुढच्या बाजूचे चार झिजलेले होते, पण ते लांब होते. आणि पंख्याच्या वर डावीकडे, जिथे वहीत 3 लिहिलं होतं तिथे, सुपारीएवढं भोक.

नंतर मी त्याचा विचार बराच केला. रंग कुठेतरी घासला जातोच, दोर, फळकुट, काहीही लागतं. तेवढीशी उघडी जागा म्हणजे चिमूटभर ॲनोड, आणि समोर केवढा मोठा ब्राँझचा पंखा म्हणजे कॅथोड. मोठा कॅथोड आणि लहान ॲनोड यासारखी वाईट जोडी नाही, कारण सगळा प्रवाह त्या एका टिकलीतून बाहेर पडतो. बाजूचं जस्त उघडं असतं तर तो प्रवाह त्याने दिला असता. मी त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

त्या दिवशी मी काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. हे लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी स्वतःशी बरीच कारणं जमवली. प्लेट आधीच पातळ होती. मालकाने बदलायला नकार दिला होता. कागद मी फाडले नव्हते. ही सगळी कारणं खरी होती, हीच अडचण. तिसऱ्या दिवशी दुपारी पेंटरमामा आले. कामाला नाही, मजुरीचं विचारायला. ऑफिसच्या बाहेर बाकावर तासभर बसून राहिले. मग उठून बार्जखाली गेले आणि ॲनोडवरून बोट फिरवून बघत उभे राहिले. त्यांना कळलं होतं. हात कोणाचा आहे, हेही कळलं असणार, कारण मामा असा ब्रश कधीच ओढत नसत. ते काही न बोलता परत बाकावर येऊन बसले.

मी काकांकडे गेलो आणि म्हटलं, "काका, ते मीच रंगवलंय, गेल्या वर्सा."

काकांनी हातातला पाना खाली ठेवला. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते बार्जखाली आले, स्क्रेपरने एका ॲनोडवरचा रंग काढला. आत नवंकोरं, चकचकीत जस्त. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "जो झिजाक होयो तो झिजलो नाय, म्हणान झिजूक नको ता झिजला." आणि थोड्या वेळाने, "मी पण बघूक नाय."

मग आम्ही दोघं ऑफिसात गेलो. मालकही तिथेच होता. मी सगळं सांगितलं. मालक चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. प्लेट कापून नवी घालायचा खर्च यार्डाने सोसायचा ठरलं, त्यातला थोडा भाग काकांच्या पगारातून गेला, माझा त्या महिन्याचा स्टायपेंडही गेला. मामांची दहा दिवसांची मजुरी त्याच संध्याकाळी मिळाली. मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो, माफी मागायची होती, शब्द जुळत नव्हते. त्यांनी पिशवीतून चिकटपट्टीचा रोल काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "उद्या आठला ये. कागद तू लावायचे."

नवी प्लेट बसली. वेल्डिंग करताना काकांनी अर्थची केबल त्याच बार्जला, जोडाच्या जवळ लावायला सांगितली. शेजारच्या जेटीला लावली तर प्रवाह पाण्यातून वाट काढतो आणि जिथून तो लोखंड सोडतो तिथून लोखंड घेऊन जातो. फॅरेडेच्या नियमाने हिशोब केला तर 1 अँपिअर प्रवाह वर्षभरात 9 किलोहून जास्त लोखंड विरघळवतो. आमच्या पेपरात हाच नियम आकडेमोडीसाठी येतो. यार्डात तो केबल कुठे लावायची हे सांगतो.

होस्टेलवर परतल्यावर मी आणखी एक हिशोब मांडला. पाण्याखालचं क्षेत्रफळ 150 चौरस मीटर धरलं, रंग चांगला असताना दर चौरस मीटरला 15 मिलिअँपिअर धरले, तर लागतात सव्वादोन अँपिअर. 1 किलो जस्त साधारण 780 अँपिअर-तास देतं. म्हणजे वर्षाला सुमारे 25 किलो जस्त. आठ ॲनोडचं 40 किलो पुरेसं होतं. अर्ध्यावर मीच रंग फासला होता. रंग नसलेल्या लोखंडाला याच्या कितीतरी पट प्रवाह लागतो, म्हणून रंग आणि जस्त ही एकमेकांची कामं वाटून घेतात. रंगाने बहुतेक सगळं झाकायचं, आणि जे झाकायचं राहिलं त्यासाठी जस्ताने झिजायचं. आणि पाणी जितकं गोडं तितकं जस्त कमी काम करतं, म्हणून नदीच्या मुखाशी चालणाऱ्या बोटींना ॲल्युमिनियमचे ॲनोड जास्त चालतात आणि निव्वळ गोड्या पाण्यात मॅग्नेशियमचे, हेही तेव्हाच वाचलं.

वाचताना कळलं की अशी फजिती होणारा मी पहिला नव्हे. इंग्रजांच्या आरमाराने 1761 साली 'अलार्म' नावाच्या लाकडी जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकला. दोन वर्षांनी बघतात तर पत्रा पकडणारे लोखंडी खिळे खाऊन गेलेले. जिथे पत्र्याबरोबर आलेला कागद मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. एका कागदाने काय फरक पडतो, हे मला वेगळ्या अर्थाने माहीत होतं! पुढे 1824 साली हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाने तांब्याला लोखंडाचे तुकडे जोडून तांबं वाचवून दाखवलं. तांबं वाचलं, पण ते विरघळायचं थांबल्यामुळे त्यावर शंख-शिंपले वाढू लागले आणि जहाजं मंदावली. आरमाराला तो उपाय सोडून द्यावा लागला. तांब्याचं ते थोडंसं झिजणंसुद्धा एक काम करत होतं, हे ते थांबल्यावर लक्षात आलं.

गेल्या महिन्यात कॅम्पस इंटरव्ह्यूची तयारी करताना एका मित्राने मला विचारलं, "तुझा वीक पॉइंट काय, विचारलं तर काय सांगणार?" मी त्याला टेबलावरची ही वस्तू दाखवली. तो म्हणाला, "हे काय उत्तर झालं?" कदाचित नसेल.

हा त्याच बार्जचा ॲनोड आहे. नवीन प्लेट बसवल्यानंतर लावलेल्या आठांपैकी एक. या वर्षी मे महिन्यात बार्ज वर घेतलं तेव्हा काढला. पाच किलोचा होता, आता दोन किलोसुद्धा भरत नाही. काकांनी तो भंगाराच्या ढिगात टाकू दिला नाही, धुऊन माझ्या हातात दिला. त्याच्यामागची प्लेट मी स्वतः गेज लावून मोजली. पाच पूर्णांक नऊ.

तेव्हा खोलीवर आलात तर उचलून बघा, पण कृपा करून पॉलिश करू नका. आणि रंग तर अजिबात देऊ नका.